आबाजींसोबत चितळांच्या मागावर: भिवापूरकडची जागल

शुक्रवार

नागपूरहून भिवापूरला जाणारी एसटी दिघोरी सोडेपर्यंत खच्चून भरली होती, उमरेडला निम्मी रिकामी झाली. कोळसा खाणींचे ढिगारे मागे पडले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना वावरं लागतात. वेचणी होत आलेली पऱ्हाटी, कापायला आलेली तूर, घाटे धरलेला हरभरा आणि भिवापूर जवळ आलं की मिरची. इथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. जानेवारीत सातऱ्यांवर, म्हणजे मिरची वाळवायच्या जागांवर, मिरची पसरलेली असते, मुकुट तोडत बसलेल्या बायकांच्या रांगा रस्त्यावरून दिसतात आणि ठसका बसच्या खिडकीपर्यंत येतो.

वाटेत मध्येमध्ये रेल्वेचा मार्ग दिसतो. नागपूर-नागभीड ही छोट्या रुळांची गाडी २०१९ मध्ये बंद झाली, मार्ग ब्रॉडगेज करायला घेतला. आबाजींच्या जुन्या गोष्टी बहुतेक या गाडीपासूनच सुरू होतात. १९६५-७० च्या काळात परमिटवाले शिकारी याच गाडीने उतरायचे. सोबत बंदुकीच्या लांबट पेट्या, होल्डॉल, स्टोव्ह. आबाजींचे वडील बंडी जुंपून स्टेशनाबाहेर उभे असायचे आणि बंडीत तणसावर आबाजी. वडील वाटाडे होते. कोणत्या नाल्यात सांबर लोळतं, चितळांचा कळप कोणत्या अंगाने पाण्यावर उतरतो, हे त्यांना ठाऊक. तेव्हा शिकारीसाठी जंगलाचे ब्लॉक पाडलेले असत. परवाना काढायचा, फी भरायची, त्यावर लिहून दिलेलं तेवढंच जनावर मारायचं. आबाजी वयात आले तेव्हा त्यांनीही बंदूक धरली. मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि पुढे परवान्यांचा तो काळ संपला. घरात पीक संरक्षणाच्या परवान्यावरची एक भरमार, म्हणजे तोंडाकडून ठासायची बंदूक, राहिली होती, तीही पुढे ठाण्यात जमा झाली.

आता आबाजींनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. ते माझ्या वडिलांचे मित्र, आणि हिवाळ्यात मी त्यांच्याकडे जातो तो चितळांसाठी. माग काढायचा, वारा पाहायचा, दबा धरून बसायचं, जनावर टप्प्यात येईपर्यंत श्वास आवरायचा. शिकारीत असतं ते सगळं करायचं, बार तेवढा काढायचा नाही.

या वेळी कामही होतं. आबाजींच्या पुतण्याचा तीन एकर हरभरा आठवडाभर रोज रात्री कोणीतरी चरून जात होतं. पुतण्या म्हणत होता, रोही, म्हणजे नीलगाय. आबाजी फोनवर म्हणाले, "रोही नाही, चितळ आहेत. तू ये. येचा रस्ता पाहू आपण."

गाव उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या कडेला आहे. हे अभयारण्य २०१२ चं. नागपूर आणि भंडारा या दोन जिल्ह्यांत पसरलेलं, पूर्वेला गोसेखुर्द धरणाच्या पाण्यापर्यंत जाणारं. बाहेरच्या लोकांना ते 'जय' वाघामुळे माहीत आहे. २०१३ मध्ये तो नागझिऱ्याहून चालत इथे आला आणि २०१६ मध्ये दिसेनासा झाला. गावातल्या माणसाला अभयारण्य कळतं ते वेगळ्या रीतीने. पीक उभं असेल तेवढे महिने घरातला एक माणूस रात्री घरी झोपत नाही, वावरात जागलीला असतो.

पुतण्या भिवापूरला मोटारसायकल घेऊन आला होता. घरी पोचलो तेव्हा आबाजी ओसरीवर काठीला कपाशीचं बोंड बांधत होते. ते कशासाठी ते मला माहीत होतं, पण विचारलं, कारण ते सांगताना त्यांना बरं वाटतं. बोंडातला एक धागा मोकळा करून सोडला की वारा कोणीकडून कोणीकडे आहे ते कळतं. पूर्वी ते विडीची राख उडवायचे. विडी सुटली, कापूस आला.

काकूंनी वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकर आणि पातीचा कांदा वाढला. आठच्या सुमारास आम्ही वावराकडे निघालो. निघण्याआधी पुतण्याने बीटच्या वनरक्षकाला फोन करून आम्ही जागलीला असल्याचं कळवलं. हा या घरचा रिवाज आहे. अभयारण्याच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही. जे काय पाहायचं ते वावरातून, पांदणीवरून, नाल्यापर्यंतच्या गावहद्दीतून. रात्री तर मचाणावरून खाली उतरायचंच नाही, कारण चितळ जिथे येतं तिथे त्याच्यामागे येणाराही असतो.

मचाण म्हणजे चार बल्ल्या, वर बांबूची ताटी, ताटीवर तणस आणि गोधड्या. वावराच्या दोन बाजूंना झटका मशीनची, विजेचा झटका देणारी तार. तिसऱ्या बाजूला जुन्या साड्या बांधलेल्या. नायलॉनच्या, लाल, पिवळ्या, जरीच्या काठाच्या. चौथी बाजू नाल्याकडची, तिथेही साड्याच, पण उतार असल्याने सैल.

त्या रात्री चितळं आली नाहीत. साडेदहाला शेजारच्या वावरात रानडुकरं घुसली. डबे वाजले, आरोळ्या झाल्या, एक सुतळी बॉम्ब फुटला. त्यानंतर लांबवरच्या गावातल्या नाटकाची पेटी वाऱ्यावर ऐकू येत राहिली. आबाजी डोळे मिटून बसले होते. मध्येच एकदा म्हणाले, "आज नाई येत. फटाका वाजला. झोप तू." पहाटे थंडीने जाग आली तेव्हाही ते तसेच बसलेले.

शनिवार

उजाडताच खाली उतरलो. माग काढायचा तर ऊन चढायच्या आत. तेव्हा सूर्य तिरपा असतो, खुराच्या ठशाच्या एका कडेला सावली पडते आणि ठसा उठून दिसतो. दुपारी तोच ठसा सपाट होतो. आबाजी नेहमी सूर्याच्या समोर राहून ठसे पाहतात. ठसा त्यांच्या आणि सूर्याच्या मधे आला पाहिजे.

पांदणीवर बारीक धूळ आहे. बंड्या आणि ट्रॅक्टर जाऊन जाऊन ती पिठी झाली आहे. तिथे आधी आमच्याच चपलांचे ठसे, मग डुकरांचे, मग कुत्र्यांचे, आणि पुढे नाल्याच्या वळणाशी ज्याच्यासाठी आलो ते. अरुंद, पुढे टोकदार, दोन फाकांचे खूर. एकामागोमाग एक, बरेच.

"हे कालचे नाहीत," आबाजी म्हणाले. "परवाचे."

कसं? त्यांनी काठीचं टोक एका ठशाच्या आत धरलं. ठशाच्या तळावर दवाच्या थेंबांनी बारीक खळगे पाडले होते, आणि एका ठशावरून रातकिड्याची की गोमेची नाजूक रेघ गेली होती. काल रात्री उठलेला ठसा असता तर कडा धारदार असत्या. इथे त्या ढासळल्या होत्या. हे वाचायला मला फार वेळ लागतो. आबाजींना चालता चालता दिसतं, आणि ते पुढच्या ठशावर गेलेलेही असतात.

रोही की चितळ हा प्रश्न तिथेच मिटला. रोह्याचा खूर बराच मोठा असतो, आणि त्याच्या लेंड्यांचा ढीग एका जागी पडलेला असतो, कारण रोही पुन्हा पुन्हा त्याच जागी येऊन लेंड्या टाकतं. इथे लेंड्या वाटेने चालता चालता सांडलेल्या होत्या. बारीक, एका टोकाला अणकुचीदार. पुतण्या गप्पच झाला.

मग आबाजींनी कळप मांडून दाखवला. सगळ्यांच्या पुढे एकटीच चाललेली एक. "हे बुढी आहे. हे पुढं राह्यते. हे थांबली का सगळे थांबते." खरोखरच जागोजागी तिचे दोन पुढचे खूर एकाशेजारी एक, खोल उठलेले, म्हणजे उभं राहून तिने कानोसा घेतलेला. तिच्यामागे बाकीच्या माद्या, त्यांच्या मधून लहान ठसे, या थंडीतली पिल्लं. शेवटी, वाटेच्या जरा बाजूने, एक रुंद आणि जड ठसा. नर. तो वाटेवरून चालला नव्हता, कडेच्या गवतातून चालला होता, आणि धूळ होती तेवढ्याच तीन ठिकाणी त्याने ठसा सोडला होता.

माग आम्हाला नाल्याकडच्या धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, घेऊन आला. पुतण्याची समजूत होती की चितळं साड्यांवरून उडी मारून येतात, म्हणून त्याने साड्या उंच बांधल्या होत्या. आबाजी धुऱ्यावर बसले आणि हाताने गवत बाजूला केलं. पावसाळ्यात वावराचं पाणी नाल्यात उतरतं तिथे मातीत एक घळ पडली होती, गुडघाभर खोल. साडीची खालची किनार घळीच्या वर लोंबत होती. किनारीला तांबूस केस अडकले होते, त्यात एक पांढरा. चितळ उडी मारू शकतं, चांगली मारतं, पण पळत नसेल तेव्हा ते खालून जायची फट शोधतं. मान खाली, पोट जमिनीला, आणि आत. सगळा कळप या एका घळीतून येत होता. साड्या जितक्या उंच, तितकी खालची फट मोठी.

तिथून आबाजी नाल्याच्या बाजूला झुडपात दहा-वीस पावलं पुढे गेले आणि थांबले. हात मागे करून त्यांनी मला थांबवलं.

बोरीच्या बुंध्याला क्लच वायरचा फास बांधला होता. मोटारसायकलची जुनी तार, गंजून मातीच्या रंगाची झालेली, वाटेच्या बरोबर मध्ये चितळाच्या मानेच्या उंचीवर, दोन्ही बाजूंनी वाळलेल्या काट्या लावून वाट अरुंद केलेली. पुढे काही अंतरावर दुसरा. दोन्ही रिकामे होते.

आबाजींना मी चिडलेलं फार कमी पाहिलं आहे. त्यांनी फासाला हात लावला नाही, पुतण्यालाही लावू दिला नाही. वनरक्षकाला फोन करायला सांगितला आणि तिथेच उकिडवे बसून राहिले.

"ज्यानं हे लावलं त्याले शिकारी म्हणू नको बाबू," ते म्हणाले. "तार कोणाले धरते, तारेले मालूम नसते. पिल्लू येऊ दे, गाभण येऊ दे, वाघ येऊ दे. अन् लावणारा घरी झोपून राह्यते."

वनरक्षक तासाभरात आला. तरुण मुलगा, काठी आणि पाण्याची बाटली घेऊन आपल्या बीटात पायी फिरणारा. त्याने फोटो काढले, मोबाइलवर जागेची नोंद केली, फास सोडवून पिशवीत भरले आणि आजूबाजूचं झुडूप आमच्यासोबत पुन्हा विंचरून काढलं. आणखी सापडले नाहीत. या मुलाला आबाजींबद्दल फार आदर आहे. माग वाचायला तो त्यांच्याकडे येऊन बसतो. मला हे फार मोलाचं वाटतं. परवान्याच्या काळातली शिकारी माणसं आता गावोगाव एखाद-दुसरी उरली आहेत. त्यांनी जनावरं मारली हे खरं आहे, आणि त्यांनी जंगल पायांनी वाचलं हेही खरं आहे. बंदूक ठाण्यात जमा करता येते, पण ते वाचन असं कुठे जमा करता येत नाही. कोणी शेजारी बसून घेतलं तरच राहतं.

दुपारी ओसरीवर जेवणं झाल्यावर आबाजींनी सांबराची ती गोष्ट पुन्हा सांगितली. मी ती आधीही ऐकली आहे. फास पाहिल्यावर ती येणार हे मला कळलं होतं.

एका परमिटवाल्या साहेबाने दिवेलागणीला सांबराला गोळी घातली. घाईत, लांबून. सांबर कोसळलं नाही, पाठ वाकवून झुडपात गेलं. पाठ वाकवली म्हणजे गोळी पोटात. साहेब म्हणाला, चला, लगेच मागे जाऊ. आबाजींचे वडील म्हणाले, नाही. पोटात लागलेलं जनावर मागे कोणी लागलं नाही तर जवळच बसतं, आणि लागलं तर मैलभर जातं आणि हातचं जातं. रात्रभर थांबले. पहाटे कंदील विझवून माग धरला. पानावरचं रक्त काळपट, त्यात चारा. फुप्फुसात लागलं असतं तर रक्त लालभडक, फेसाळ असतं आणि जनावर शंभर पावलांत मिळालं असतं. साहेब दोन तासांत कंटाळून बंडीत जाऊन बसला. वडील आणि आबाजी चालत राहिले. रक्त संपलं तेव्हा उलटलेल्या पानांवर, पानं संपली तेव्हा दगडावरच्या ओरखड्यावर. दुपारी सांबर नाल्याच्या पाण्यात उभं सापडलं, जिवंत. वडिलांनी भरमारने त्याला मोकळं केलं. परत येऊन साहेबाला सांगितलं, उद्यापासून दुसरा वाटाड्या पाहा.

"जखमी जनावर टाकून घरी यायचं नाही," आबाजी म्हणाले. "हे शिकारीतलं पयलं. नेम नंतर."

चार वाजता आम्ही दोघंच परत निघालो. बसायची जागा आबाजींनी सकाळीच हेरली होती. नाल्याच्या अलीकडे, गावहद्दीत, पळसाच्या दोन बुंध्यांमध्ये, मागे बांध. बोंडातला धागा सोडला. तो हळू आमच्या तोंडावर आला. म्हणजे वारा झुडपाकडून आमच्याकडे. मी म्हणालो, जागा चांगली आहे. ते म्हणाले, "आता चांगली आहे. सूर्य टेकला का पाह्य." दिवस मावळला की वरच्या वावरांवरची हवा गार होऊन उताराने नाल्यात सरकते. तेव्हा आमचा वास थेट नाल्यात जाणार. त्यामुळे जे पाहायचं ते सूर्य टेकायच्या आत, आणि मग गुपचूप उठून मचाणावर.

बसलो. बसणं हा या सगळ्यातला सगळ्यात अवघड भाग आहे. चितळाला स्थिर माणूस सहजी उमगत नाही, हललेलं बोट मात्र दिसतं. आबाजी बसले की त्यांच्या छातीचं हलणंही कळत नाही. पळसाला नुकत्या काळ्या कळ्या धरू लागल्या होत्या. वर वानरांची टोळी होती, ती बोरीवर उतरून बोरं खात होती, अर्धी खाऊन अर्धी टाकत होती. मला तेव्हाच कळायला हवं ते कळलं: खाली पडलेल्या बोरांसाठी चितळं येणार. वानर वरून पाहतं, चितळ खालून वास घेतं, दोघंही एकमेकांच्या हाकेवर जगतात. जिथे वानरं निवांत खात आहेत तिथे चितळ धीर करतं.

पाच वाजून गेल्यावर झुडपाच्या कडेला कान दिसले. आधी नुसते कान. मग बुढी बाहेर आली आणि उभी राहिली. इतका वेळ उभी राहिली की मला वाटलं तिने आम्हाला पाहिलं. पुढचा एक पाय उचलून तिने जमिनीवर आपटला, शेपूट अर्धी उचलली, खाली सोडली. वर वानर खात होतं. ती पुढे सरकली, मान खाली घातली. मग एक-एक करून बाकीच्या. एक पिल्लू आईच्या पोटाखालून निघून आईच्या पोटाखालीच गेलं. ऊन त्यांच्या पाठीवरून तिरपं येत होतं आणि ठिपक्यांच्या ओळी स्पष्ट दिसत होत्या.

नर शेवटी आला. मोठा होता. शिंगं अजून मखमलीसारख्या कातडीत होती, फांद्यांची टोकं बोथट, गोल. चितळ-सांबरांची शिंगं दरवर्षी गळतात आणि दरवर्षी नवी येतात. काळवीट आणि रोह्याचं तसं नसतं, त्यांची शिंगं जन्मभर तीच. या मखमलीखाली रक्त वाहत असतं, शिंग वाढत असतं, आणि तेवढे महिने नर त्यांना जपतो. झुडपात शिरताना हा नर मान वळवून, शिंगं मागे टाकून, फांद्या चुकवत आला ते मी पाहिलं. मार्चच्या सुमारास ही मखमल वाळून सुटते, नर ती झाडाला घासून काढतो, आणि मग उन्हाळ्यात त्याचं ओरडणं सुरू होतं.

आबाजी ओठ न हलवता म्हणाले, "पस्तीस पावलं."

थोड्या वेळाने म्हणाले, "मखमल असलेल्या नराले आम्ही हात नव्हतो लावत. वडील म्हणत, कच्चं आहे."

नराने आमच्या दिशेने पाहिलं. त्याच्या नाकपुड्या दिसत होत्या. मी डोळे अर्धे मिटले, कारण आबाजींनी तसं शिकवलं आहे, डोळ्यांची चमक जनावराला दिसते म्हणतात. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मला इतकंच सांगता येईल की त्या वेळात मला दुसरं काहीही नको होतं, ना कॅमेरा, ना बोलणं. पस्तीस पावलांवर एक जंगली जनावर आपल्याला न जुमानता बोरं खातं आहे, आणि आपण तिथवर वाऱ्याचा, सावलीचा, वानरांचा हिशेब करून पोचलो आहोत. शिकाऱ्याला जे मिळत असे त्यातलं सगळ्यात चांगलं तेच होतं, असं मी मानतो. आबाजींना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले होते, बार काढला का सगळं संपते, तिथपर्यंतच मजा आहे.

सूर्य टेकला. गालावरची हवा थांबली आणि मग मानेवर आली. आबाजींनी सांगितलं होतं तसंच. बुढीने डोकं झटकन वर केलं. एक शिट्टीसारखी तीक्ष्ण हाक, आणि सगळा कळप शेपट्या वर करून झुडपात. वानरं वरून खाकरली. लांब जंगलात एक सांबर 'ढांक' करून बोललं. ते आमच्यामुळे नव्हतं. आबाजी लगेच उठले. "चाल. तिकडं कोणी चालून राह्यलं," म्हणाले, आणि उजेड असतानाच आम्ही मचाणावर पोचलो.

रात्री दोन वाजता कळप घळीतून आत आला. या वेळी मीही ऐकला, घाटे तोडल्याचा बारीक आवाज. पुतण्याने बॅटरी टाकली तेव्हा अंधारात डोळेच डोळे चमकले. आबाजींनी त्याला ओरडू दिलं नाही. घाबरलेला कळप तारेवर जातो, साड्यांत अडकतो, पिल्लं मागे राहतात. ते मचाणावरूनच शांतपणे खाकरले, काठी बल्लीवर टकटक वाजवली, बॅटरी घळीपासून दूर धरली. कळप आला तसाच, आल्या वाटेने, मान खाली घालून बाहेर गेला.

रविवार

सकाळी काम. बाभळीच्या आणि बोरीच्या काट्या तोडून आणल्या, घळीत दोन दगड बसवून वर काट्या ठासल्या, साड्या खाली ओढून किनार जमिनीला खुंट्यांनी धरली. झटका मशीनची तार नाल्याच्या बाजूला वळवली, खालची ओळ गुडघ्याच्याही खाली. झटका मशीनचा झटका थांबून थांबून बसतो, जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. सरळ खांबावरून वीज घेऊन तारेत सोडणारे लोक आहेत. त्यात चितळं मेली, वाघ मेले आणि आपल्याच धुऱ्यावर माणसं मेली. आबाजी त्या वावरांच्या जवळूनही जात नाहीत.

कळपाला एक वाट मोकळी ठेवायची, हा त्यांचा आग्रह होता. सगळीकडून बंद केलं तर चितळ नवीन फट शोधेल आणि ती शेजाऱ्याच्या वावरात असेल. म्हणून नाल्याच्या काठाने पडीतातून पलीकडच्या बोडीपर्यंत, म्हणजे लहान तळ्यापर्यंत, जाणारी वाट साफ केली, तिथे पाणीही आहे आणि बोरंही.

नुकसानभरपाईचा अर्ज पुतण्या आधी टाळत होता. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत अर्ज द्यावा लागतो, मग पंचनामा. पुतण्याचं म्हणणं, पंचनाम्यात जे धरलं जातं आणि जे गेलेलं असतं त्यात फार अंतर राहतं, आणि फेऱ्यांत मजुरी बुडते. ते त्याचं म्हणणं मी खोडणार नाही. तीन एकरांतला जवळपास चौथा भाग गेला होता, शेंडे खाऊन टाकलेले, घाट्यांच्या टरफलांचा सडा. शहरातून येऊन कळप पाहून खूश होणाऱ्या माझ्यासारख्याने हे शेंडेही नीट पाहिले पाहिजेत. चितळ जंगलात राहावं असं ज्यांना वाटतं, त्या सगळ्यांच्या वाट्याचं धान्य या कडेच्या वावरांतून जातं, आणि किंमत एकटा शेतकरी मोजतो. शेवटी मी फोटो काढले, त्याने अर्ज लिहिला, शनिवारच्या रात्रीची तारीख घातली.

जेवायला काकूंनी पातोड्यांचा रस्सा केला होता. जेवताना आबाजी सांगत होते, मोह गळायला लागला की परत ये. तेव्हा शिंगं मोकळी झालेली असतात, पहाटे मोहाखाली कळप असतो आणि हा नर आपल्याला ओळखता येईल, डाव्या कानाला चीर आहे. ती चीर मला दिसली नव्हती. पस्तीस पावलांवरून त्यांना दिसली होती.

तीनच्या एसटीने निघालो.

बुधवारी पुतण्याचा फोन आला. दोन रात्री कळप घळीपर्यंत आला, काट्या हुंगल्या आणि नाल्याकाठच्या वाटेने बोडीकडे उतरला. मंगळवारी पांदणीवर ठसे पाहायला तो स्वतः गेला होता, बुढीचे ठसे त्याने ओळखले. वनरक्षकही पंचनाम्यासाठी येऊन गेला. रानडुकरं मात्र सोमवारी तुरीत शिरली, दुसऱ्या अंगाने, आणि आता त्यांचा रस्ता पाहायला आबाजी सकाळपासून वावरात गेले आहेत, असं त्याने सांगितलं.